बाळासाठी चान्स घेण्याआधीचे तीन महिने: काय करायचं, कुठल्या क्रमाने

"आता फॉलिकची गोळी सुरू करू ना?" असं विचारणारी बाई बहुतेक वेळा दोन महिन्यांची गरोदर असते. स्त्रीरोगाच्या ओपीडीत फाइल बनवताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की हल्ली उत्तर देताना आवाज शक्य तितका मऊ ठेवते. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून घडतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. पाळीच्या तारखेपासून मोजलं तर हा सहावा आठवडा, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. गोळीचं मुख्य काम त्याआधीचं.

दुसरी चूक फाइलच्या मुखपृष्ठावरच दिसते. वर्षभर उपचार चाललेले असतात, बाईचे रिपोर्ट बोटभर जाडीचे झालेले असतात, पण नवऱ्याचा एकही कागद नसतो.

दोन्ही चुका क्रमाच्या आहेत. म्हणून खाली टप्पे त्याच क्रमाने देतेय.

टप्पा १: वही आणि पिशवी (डॉक्टरांकडे जाण्याआधी)

आधी मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा लिहा. पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो दिवस. आदल्या दिवशी डाग दिसला असेल तर तो धरायचा नाही. मोबाइलच्या ॲपमध्ये नोंद करत असाल तरी चालेल, पण ॲप दाखवतं तो 'बीज फुटण्याचा दिवस' अंदाज असतो, हे लक्षात असू द्या.

मग दोघांची सगळी औषधं एका पिशवीत भरा. रोजची, अधूनमधून घ्यायची, मेडिकलवाल्याने दिलेली, आयुर्वेदिक चूर्णं, जिमच्या ट्रेनरने दिलेला डबा, सगळं. "बीपीची एक पांढरी गोळी आहे" एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही, स्ट्रिपच लागते.

गर्भनिरोधक काय वापरत होता तेही लिहा. तांबी काढली की लगेच दिवस राहू शकतात, रोजच्या गोळ्या बंद केल्यावरही फार थांबावं लागत नाही. सरकारी दवाखान्यात मिळणारं 'अंतरा' इंजेक्शन मात्र वेगळं. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी ७ ते १० महिने लागू शकतात. हे माहीत नसल्यामुळे चौथ्या महिन्यात घाबरून वंध्यत्वाच्या तपासण्या सुरू करणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

*तपासून घ्या:* मागचं बाळंतपण झालं असेल, विशेषतः सिझेरियन, तर निदान दीड-दोन वर्षांचं अंतर पडलंय का?

टप्पा २: पहिली भेट, दोघांची

या भेटीत औषधांचा निकाल लावायचा. साध्या वाटणाऱ्या काही गोळ्या गर्भाला घातक असतात: बीपीसाठी सर्रास दिली जाणारी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनॉइन, फिट्ससाठीची व्हॅल्प्रोएट, सांधेवाताची मेथोट्रेक्सेट, रक्त पातळ करणारी वॉरफरिन. बहुतेकांना पर्याय आहेत, पण बदलायला आणि बदललेली गोळी नीट लागू पडतेय ना ते पाहायला वेळ लागतो. आयसोट्रेटिनॉइन बंद केल्यावर किमान एक महिना थांबावं लागतं, मेथोट्रेक्सेटनंतर साधारण तीन महिने. तोवर निरोध वापरा.

इशारा: ही यादी वाचून एकही गोळी स्वतःहून बंद करू नका. फिट्सची गोळी अचानक थांबवली तर येणारी फिट आईसाठी जिवावरची ठरू शकते. फोन करा, भेटा, बदलून घ्या.

मधुमेह असेल तर एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) ६.५ टक्क्यांच्या खाली आणल्यावरच चान्स घ्यायचा. शुगर वाढलेली असेल तर बाळात व्यंग येण्याचा धोका सर्वात जास्त पहिल्या काही आठवड्यांत असतो, म्हणजे दिवस गेल्याचं कळण्याच्याही आधी. थायरॉईडची गोळी चालू असेल तर टीएसएच (थायरॉईडचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्तचाचणी) सहसा २.५ च्या खाली आणतात. ती गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. लोह किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर चार तासांनी. बऱ्याच जणी तिन्ही एकत्र गिळतात आणि मग "डोस वाढवूनही टीएसएच उतरत नाही" म्हणतात.

नवऱ्याच्या बाजूने एकच प्रश्न, पण तो एकट्यात विचारावा लागतो: शरीर कमवायला टेस्टोस्टेरॉनची किंवा स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतली आहेत का? बाहेरून ते हार्मोन मिळालं की शरीर शुक्राणू बनवणं थांबवतं. दंड फुगलेले आणि रिपोर्टमध्ये शून्य, असं होऊ शकतं. बंद केल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं, पण काही महिने जातात, कधी वर्षसुद्धा.

टप्पा ३: रक्ताच्या तपासण्या

कमीत कमी यादी अशी: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रक्तगट (दोघांचा), शुगर, टीएसएच, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, व्हीडीआरएल (सिफिलिससाठी), रुबेला आयजीजी (रुबेलाची प्रतिकारशक्ती आहे का ते पाहायला) आणि हिमोग्लोबिनची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी).

यातली एचपीएलसी सर्वात जास्त विसरली जाते, म्हणून इथे थोडं थांबू. थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार. त्याचा मायनर, म्हणजे नुसता वाहक असलेला माणूस आयुष्यभर ठणठणीत असतो. फार तर हिमोग्लोबिन जरा कमी, आणि लोहाच्या गोळ्या खाऊनही ते हलत नाही. पण नवरा-बायको दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता २५ टक्के. त्या बाळाला वर्षाच्या आत-बाहेर रक्त द्यावं लागतं आणि मग ते देत राहावं लागतं. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी, भानुशाली समाजांत प्रमाण जास्त आहे, पण "आमच्यात नसतं" म्हणून कुणी सुटत नाही. सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचंही गणित हेच. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यातल्या मंडळींनी, मग ती आता पुण्यात नोकरीला असोत की दुबईत, ही तपासणी टाळू नये. सिकलसेल आणि थॅलेसेमिया दोन्ही एकाच एचपीएलसीत दिसतात.

सीबीसीवरूनही संशय घेता येतो. एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ८० च्या खाली, एमसीएच (एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७ च्या खाली आणि लाल पेशींची संख्या उलट भरपूर, असं दिसलं तर नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन घरी येऊ नका. एचपीएलसीत एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साधारण ३.५ टक्क्यांच्या वर गेला की मायनर धरतात. लोहाची कमतरता जास्त असेल तर हा आकडा खोटाच खाली दिसू शकतो, म्हणून रिपोर्ट डॉक्टरांकडूनच वाचून घ्या.

दोघेही वाहक निघाले तरी मूल होऊ द्यायचं नाही, असं अजिबात नाही. गर्भाची तपासणी ११व्या आठवड्यापासून करता येते, आणि आनुवंशिक आजारासाठी ती कायदेशीर आहे. पण ती कुठे, कधी करायची याची बोलणी आधी झालेली हवीत. तिसऱ्या महिन्यात कळलं तर धावपळीत अर्धा वेळ जातो.

बायकोचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर फाइलवर लाल शाईने लिहून ठेवा. गर्भपात झाला, अंगावरून गेलं, तरी अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांत लागतं.

'टॉर्च' नावाचं, गर्भाला बाधणाऱ्या संसर्गांच्या तपासण्यांचं महागडं पॅनेल मात्र धडधाकट जोडप्याला सरसकट करायची गरज नसते. त्यातला रुबेला तेवढा कामाचा. एएमएच, म्हणजे बीजांचा साठा किती उरलाय त्याचा अंदाज देणारी रक्तचाचणी, तीही तशीच: आकडा कमी आला म्हणून नैसर्गिकरीत्या दिवस राहणारच नाहीत, असं ती सांगत नाही. चान्स घ्यायच्या आधीच एएमएच करून रडणाऱ्या मुली वाढल्यात. त्या पैशात दोघांची एचपीएलसी करून घ्या.

टप्पा ४: लसी

रुबेलाची प्रतिकारशक्ती नसेल तर एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला यांची लस) घ्यायची. ही जिवंत विषाणूची लस आहे, म्हणून ती घेतल्यावर चार आठवडे दिवस राहू द्यायचे नाहीत, आणि गरोदरपणात ती देतच नाहीत. कांजिण्या कधी झाल्या नसतील तर त्या लसीलाही हाच नियम. हिपॅटायटिस बीचे तीन डोस सुरू करा. ते पूर्ण होण्याआधी दिवस गेले तरी पुढे चालू ठेवता येतात.

*तपासून घ्या:* या महिन्यात निरोध वापरताय ना? 'एकदाच तर' म्हणून चुकलेल्यांचा फोन नेमका याच टप्प्यावर येतो.

टप्पा ५: फॉलिक, बी१२ आणि ताट

फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, चान्स घेण्याच्या निदान एक महिना आधीपासून, शक्यतो तीन महिने आधीपासून, आणि पुढे १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत. आता गोंधळ बघा. आपल्याकडे मेडिकलमध्ये 'फॉलिकची गोळी' मागितली की बहुतेकदा ५ मिलिग्रॅमची मिळते. ती ४०० मायक्रोग्रॅमच्या साडेबारा पट. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष होता, फिट्सची औषधं चालू आहेत किंवा मधुमेह आहे, अशांना मोठा डोस देतात. बाकीच्यांनी स्ट्रिपवरचा आकडा वाचून विचारून घ्यावं. उलट बाजूला, आशाताई देतात ती लाल लोहगोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. तीत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक असतं खरं, पण आठवड्याला एक म्हणजे रोजची गरज भागत नाही. "माझी गोळी चालू आहे" म्हणणाऱ्या बऱ्याच जणींची तीच चालू असते.

आणि बी१२. फॉलिकबरोबर याचं नाव घ्यायला आपण विसरतो. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या, केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या अभ्यासात जवळपास दोन तृतीयांश गरोदर बायकांचं बी१२ कमी निघालं. ज्या आयांचं फॉलेट भरपूर पण बी१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. बी१२ भाजीत, डाळीत नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतच मिळतं. शाकाहारी असाल, त्यात दूधही चहापुरतंच असेल, तर पातळी तपासा आणि कमी असेल तर गोळी किंवा इंजेक्शन घ्या. नुसत्या फॉलिकने रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि खालची बी१२ची कमतरता झाकली जाते.

हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर ते आत्ताच भरून काढा. नंतर उलट्या सुरू झाल्या की लोहाची गोळी पोटात टिकत नाही. मटकीची उसळ, मेथी, राजगिरा, बाजरी, हरभरा, आणि वर लिंबू पिळलेलं. जेवल्याजेवल्या चहा मात्र नको. एक तासाचं अंतर ठेवा. चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. कोकण-गोव्याकडच्यांनी बांगडा, तारली खुशाल खावीत. मोरी, म्हणजे शार्क, टाळावी, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो.

इशारा: मुलगाच व्हावा म्हणून मिळणाऱ्या बिया, पुड्या, 'पुत्रदायी' औषधं कुणीही, अगदी सासूबाईंनी प्रेमाने दिली तरी घेऊ नका. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्या क्षणीच ठरलेलं असतं, त्यामुळे पुडीला करण्यासारखं काही उरत नाही. आणि आत काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं.

टप्पा ६: वजन आणि तंबाखू

पीसीओएस (हार्मोन्सच्या बिघाडाने पाळी अनियमित होते तो त्रास) असेल आणि वजन जास्त असेल तर ५ टक्के वजन उतरल्यावरही अनेकींची पाळी नियमित होते. ७४ किलोच्या बाईला हे पावणेचार किलोसुद्धा नाही. महिनाभरात १० किलो उतरवण्याचे पॅकेज घेऊ नका, उपासमारीने पाळी आणखी बिघडते. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १८.५च्या खाली असेल तर उलट वजन वाढवायचं.

तंबाखूबद्दल आमच्या टेबलावरचा ठरलेला संवाद:

"तंबाखू खाता?"

"नाही हो, काहीतरीच!"

"मशेरी?"

"ती काय, दातांना लावते सकाळी. आणि दुपारी जेवल्यावर."

मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरडीतून निकोटिन रक्तात जातं. बाळाचं वजन कमी भरणं, वेळेआधी बाळंतपण, हे धोके तिच्यामुळेही असतात. "तंबाखू खाता का" असं विचारलं तर उत्तर नाहीच येणार, म्हणून स्वतःलाच वस्तूचं नाव घेऊन विचारा: मशेरी, गुटखा, मावा, तपकीर. नवऱ्याची सिगारेट आणि गुटखाही याच यादीत, शुक्राणूंवर त्याचा परिणाम होतो. दारू दोघांनीही याच टप्प्यावर थांबवलेली बरी.

टप्पा ७: दिवस मोजणं

इथे सर्वात जास्त जोडपी चुकतात, कारण 'चौदावा दिवस' डोक्यात पक्का बसलाय. चौदावा दिवस २८ दिवसांच्या चक्राला लागू. बीज फुटतं ते *पुढच्या* पाळीच्या साधारण १४ दिवस आधी.

समजा पाळी ३ मार्चला आली आणि तुमचं चक्र ३५ दिवसांचं आहे. पुढची पाळी ७ एप्रिलला. त्यातून १४ दिवस मागे या: २४ मार्च. दिवस राहण्याची शक्यता बीज फुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, म्हणजे १९ ते २४ मार्च. चौदावा दिवस धरणाऱ्यांनी १४ ते १७ मार्चला एकत्र येऊन नंतर आराम केलेला असतो. असे सहा महिने गेले तरी चान्स एकदाही घेतलेला नसतो.

या दिवसांत एक दिवसाआड संबंध पुरेत, रोज आले तरी बिघडत नाही. 'साठवून ठेवायचं' म्हणून दहा-बारा दिवस लांब राहणं उलट तोट्याचं, कारण शुक्राणूंची हालचाल मंदावते. नंतर पाय वर करून पडून राहायची गरज नाही. वंगणासाठी तेल, थुंकी किंवा साधी जेली वापरू नका.

चक्र दर महिन्याला पाच-सात दिवसांनी मागेपुढे होत असेल तर मेडिकलमध्ये ओव्ह्युलेशनची पट्टी मिळते. बीज फुटायला लावणारं एलएच हे हार्मोन लघवीत वाढलं की ती दाखवते. त्यानंतर २४ ते ३६ तासांत बीज फुटतं, म्हणून तो दिवस आणि दुसरा दिवस सोडू नका. पीसीओएसमध्ये ही पट्टी अनेकदा फसवते.

इशारा: मैत्रिणीच्या चिठ्ठीवर बीज फुटण्याच्या गोळ्या आणून खाऊ नका. सोनोग्राफीशिवाय घेतलेल्या या गोळ्यांनी जुळी-तिळी राहू शकतात.

टप्पा ८: किती थांबायचं, आणि पहिली तपासणी कुणाची

बायकोचं वय ३५च्या आत असेल तर नियमित प्रयत्नांचं एक वर्ष, ३५ किंवा पुढे असेल तर सहा महिने, चाळिशीत असेल तर लगेच. पाळी दोन-दोन महिने येत नाही, पूर्वी टीबी झालाय, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार) आहे, नवऱ्याच्या अंडकोषाचं लहानपणी ऑपरेशन झालंय, मोठेपणी गालगुंडात अंडकोष सुजले होते, यांतलं काही असेल तर वर्षभर थांबायचं कारण नाही.

तपासण्या सुरू झाल्या की पहिल्याच आठवड्यात वीर्य तपासणी. ती स्वस्त आहे, दुखत नाही, आणि अडचण सापडलेल्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत नवऱ्याच्या बाजूचाही वाटा असतो. तरी बायकोच्या नळ्यांचा एक्स-रे झाला, दुर्बीण झाली, मग कुणीतरी विचारतं, "मिस्टरांची केली का?" भूल देऊन पोटाला भोकं पाडण्याआधी एक डबी भरायला काय हरकत असते, हे मला अजून समजलेलं नाही.

नमुना देताना होणाऱ्या चुका:

1. आधी २ ते ७ दिवस संबंध नकोत. त्याहून कमी नाही, जास्तही नाही.
2. डबी लॅबनेच दिलेली. घरची धुतलेली बाटली नको, निरोधातून ओतलेलं तर नाहीच.
3. पहिले थेंब सांडले तर लॅबला सांगा. शुक्राणू जास्त त्यातच असतात.
4. शक्यतो लॅबमध्येच द्या. घरून आणायचा तर तासाभरात, शर्टाच्या आत अंगालगत ठेवून. एक गृहस्थ भर उन्हाळ्यात नमुना बर्फाच्या थर्मासमध्ये घेऊन आले होते, खराब होऊ नये म्हणून. हालचाल शून्य. तपासणी परत करावी लागली.

रिपोर्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या निकषांप्रमाणे खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, एकूण हालचाल ४२ टक्के आणि नीट आकाराचे ४ टक्के अशी आहे. शेवटचा आकडा परत वाचा. '९६ टक्के ॲबनॉर्मल' वाचून घरात सुतक पाळू नका, ४ टक्के चांगले म्हणजे रिपोर्ट चालण्यासारखा आहे. ही मर्यादा ओलांडली नाही तरी दिवस राहतच नाहीत असं नाही. एका वाईट रिपोर्टवर निष्कर्षही नको. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे दीड-दोन महिन्यांपूर्वीचा डेंग्यूचा ताप आजच्या रिपोर्टमध्ये दिसतो. साधारण तीन महिन्यांनी परत करा. एकही शुक्राणू दिसला नाही तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.

टप्पा ९: पाळी चुकली की

पाळी चुकून आठवडा झाला की सकाळच्या पहिल्या लघवीची पट्टी करा. चौथ्या दिवशी एक, पाचव्या दिवशी दुसरी, असं करत जीव टांगणीला लावण्यापेक्षा तो आठवडा थांबा.

दोन रेघा आल्या तर:

त्याच दिवशी थायरॉईड, मधुमेह, बीपी किंवा फिट्सच्या डॉक्टरांना फोन. थायरॉईडचा डोस बहुतेकदा लगेच वाढवावा लागतो, पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबायचं नसतं. फॉलिक चालूच. दुसरं कुठलंही औषध, ॲसिडिटीचंसुद्धा, विचारल्याशिवाय नाही.

पहिली सोनोग्राफी साधारण सहा-सात आठवड्यांना, गर्भ पिशवीतच आहे ना ते पाहायला. त्याआधी एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर येऊन पडलात, खांद्यात कळ आली किंवा रक्त जाऊ लागलं तर गर्भ नळीत असू शकतो. सोनोग्राफीच्या तारखेची वाट न पाहता तडक रुग्णालयात, रात्र असली तरी.

आशाताई किंवा आरोग्य केंद्रात १२ आठवड्यांच्या आत नोंदणी करा. सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. जाताना टप्पा १ची वही आणि टप्पा ३ची फाइल सोबत न्या. तिथे पहिला प्रश्न शेवटच्या पाळीची तारीख हाच असतो, आणि बहुतेक जणी तिथे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत "गणपतीच्या आसपास असेल" म्हणतात.